बिरप्पाची कोरी पाठ

कापड कुठं फाटलंय ते बघून मी माणूस ओळखते. यात जादू काही नाही, बावीस वर्षं शिवणयंत्रावर बसलं की कुणालाही येईल. माझं दुकान तालमीच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्यामुळं ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म सांभाळून या मारामारी शिकणाऱ्यांचे कपडेही माझ्याच गळ्यात पडतात. कराटेवाल्यांची पँट दोन पायांच्या मधोमध उसवते, कारण प्रत्येकाला पाय डोक्याच्या वर न्यायचा असतो आणि प्रत्येकाचा जात नाही. ज्युदोवाल्यांची कॉलर आणि बाह्या जातात, कारण तो खेळच एकमेकांचं जॅकेट धरून ओढायचा. पैलवानांचं काही फाटत नाही. लंगोटाला फाटायला असतंच काय? तरी मी एका पैलवानाबद्दल लिहायला बसले आहे. लिहिता लिहिता तो मला समजेल अशी आशा आहे, अजून तरी समजलेला नाही.

बिरप्पा मूळचा अक्कलकोटच्या खालच्या अंगाचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अंगात रग फार, म्हणून बापानं उचलून सोलापुरात रुद्रप्पा वस्तादांच्या तालमीत आणून टाकला. आता त्याचं वय चोपन्न. दिवसा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर वॉचमन असतो आणि पहाटे तालमीतली लाल माती खणतो, तिच्यात ताक, तेल, हळद घालून ती मऊ करतो. त्याचे त्याला कुणी काही देत नाही. मागायचं असतं हेही त्याला माहीत नसावं. त्याच्या शर्टाची कॉलर मला नेहमीच्या मापात कधी बसवता आलेली नाही, इतकी त्याची मान रुंद आहे. स्वभावानं मात्र गाय. दुकानाच्या पायरीवर बसला तरी अंग चोरून बसेल.

त्याचा अभिमान एकच. तेवीस वर्षं जत्रांच्या फडात कुस्त्या केल्या, पण पाठीला माती लागू दिली नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास. वाद झाला तर पंच पैलवानाला वळवून त्याची पाठ बघतात. लाल डाग दिसला की हरला. बिरप्पा वाद नसतानाही वळायचा आणि कोरी पाठ दाखवत आखाड्याला फेरी मारायचा. जिथं जिंकता आलं नाही तिथं तासतासभर चिवटपणा करून त्यानं कुस्ती बरोबरीत सोडवायला लावली. गावोगाव त्याला ‘पाठ न लागलेला बिरप्पा’ म्हणायचे. तेवीस वर्षांत खरंच एकदाही नाही? खरं-खोटं बिरोबाला माहीत.

कुस्ती सुटली, पण हे खूळ सुटलं नाही. त्याची बायको गोजाबाई मला म्हणाली होती, “लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्यास्नी उताणं झोपलेलं म्या बघितलं न्हाय. कायम कुशीवर.” दाढ उपटायला गेला तेव्हा डॉक्टरनं खुर्ची मागं झुकवली, तर हा ताडकन उठून उभा. शेवटी उभ्यानंच दाढ काढून घेतली. मी हसून हसून बेजार झाले होते. तेव्हा हसायलाच आलं, दुसरं काही सुचलं नाही.

मग तालमीत मॅट आली. मातीत उतरणारी पोरं कमी झाली होती, म्हणून कमिटीनं कुस्तीच्या मातीच्या हौद्याशेजारच्या मोकळ्या जागेत जाड मॅट अंथरली आणि ज्युदो शिकवायला विरेश सरांना बोलावलं. तिशीतला, काटक, पुण्याला शिकून आलेला माणूस. रुद्रप्पा वस्तादांनी मॅटकडं असं बघितलं की जणू देवघरात कुणी चपला घालून आलंय. मुलींना मातीत न उतरवण्याचा त्यांचा जुना नेम होता. मॅटवर मुली आल्या, तर आपल्याला काही म्हणायचं नाही, एवढंच ते म्हणाले. हौद्यातली लाल धूळ उडून रोज मॅटवर बसायची, विरेश सर रोज कुरकुरत ती झाडायचे आणि दुसऱ्या दिवशी ती परत हजर.

मॅटमागून हौशी मंडळीही आली. रविवारी सकाळी हॉल भरायचा. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, ‘सोलापूर फायटर्स’. ड्रेस कधी मिळतील ते विचारायला सोपं जावं म्हणून मलाही त्यात ओढलं होतं. देवा रे, काय एकेकाचे सल्ले! बँकेतले एक साहेब कराटेचे, ते म्हणायचे मारताना श्वास सोडा. योगावाल्या बाई म्हणायच्या, धरून ठेवा. एक जण म्हणायचा पोट रिकामं ठेवून सराव करा, दुसरा म्हणायचा आधी चार केळी खा. एक टायरवाला मोबाईलवर बघून ब्राझीलची जुजुत्सू शिकत होता. त्यानं सांगितलं की त्यांच्यात माणूस आपण होऊन पाठीवर झोपतो आणि तिथूनच वरच्याला आवळतो.

बिरप्पा झाडू हातात धरून ऐकत होता. “म्हंजी हारल्यावर लढतो?” त्यानं विचारलं. “मग आधी काय करत होता?”

सगळे हसले. बिरप्पा हसला नाही, त्याला खरंच कळलं नव्हतं.

त्याची धाकटी मुलगी प्रियदर्शनी तेव्हा अकरावीत होती. बापाचे खांदे, आईची जीभ. ती विरेश सरांकडं नाव घालून आली आणि बिरप्पाला आभाळ ठेंगणं झालं. तिचा ड्रेस मीच शिवला, गोधडीसारखं जाड कापड, सुया मोडल्या दोन. संध्याकाळी ती मॅटवर शिकायची. विरेश सरांनी पहिला महिनाभर दुसरं काही शिकवलंच नाही, फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, दोन्ही हातांनी मॅटवर थाप मारायची आणि पाठीवर पडायचं. रोज शंभर वेळा.

बिरप्पाला हे बघवेना. त्यानं एकदा सरांना गाठलं. मी जॅकेटं द्यायला गेले होते, माझ्यासमोरच.

“सर, तुमच्यात पाठ लागली तर काय?”

“हरतो की, काका. सरळ पाठीवर आपटला तर लगेच निकाल.”

“मग पाठीवर पडायला का शिकवताय?”

“पडणार तर प्रत्येक जण कधीतरी. नीट पडला तर उद्या परत उभा राहील. हात-मान शाबूत पाहिजे ना?”

बिरप्पा मला म्हणाला, “ताई, हारायचं कसं ते शिकवणारी विद्या म्या पयल्यांदाच बघितली.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं घरामागच्या मोकळ्या प्लॉटात माती भुसभुशीत केली आणि पहाटे पोरीला स्वतःची विद्या द्यायला लागला. उचललं तर हवेतच अंग फिरव, गुडघ्यावर उतर, हातावर उतर, मानेची कमान कर, काय वाट्टेल ते कर, पण पाठ लावू नको. विरेश सरांना त्यानं कळू दिलं नाही. मला मात्र सांगितलं, कारण अभिमान पोटात मावत नव्हता.

आता माझा गुन्हा सांगते. सहा-सात महिन्यांनी सगळ्यांची जॅकेटं कॉलर बदलायला माझ्याकडं आली. बाकीच्या पोरींच्या पाठी त्या लाल धुळीनं रंगून गेलेल्या, घासून भुरभुरलेल्या. प्रियदर्शनीचं जॅकेट उलटं केलं तर पाठ कोरी करकरीत, जवळजवळ मी शिवली तशीच. पहिला महिना सरल्यापासून सरांची नजर चुकली की ती पडायचंच टाळत होती. कापड मला डोळ्यांपुढं सांगत होतं आणि बावीस वर्षांचा अनुभव मिरवणाऱ्या मला ते वाचता आलं नाही. उलट मी बिरप्पाला हाक मारली आणि म्हटलं, “अण्णा, बघा की, पोरीची पाठ तुमच्यासारखीच कोरी हाय.”

तो जॅकेट हातात घेऊन बसला. त्याचे डोळे भरून आले. ते जॅकेट त्यानं तालमीतल्या प्रत्येकाला दाखवलं, रुद्रप्पा वस्तादांनासुद्धा. वस्तादांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “रक्त बोलतंय.”

नोव्हेंबरात जिल्हा निवड चाचणी होती. मी दुकान बंद करून गेले. बिरप्पा, गोजाबाई आणि मी गॅलरीत पुढंच बसलो होतो. पहिली लढत प्रियदर्शनीनं जिंकली. दुसरी अकलूजच्या एका ठेंगण्या, घट्ट बांध्याच्या मुलीशी होती. दोन मिनिटं ओढाताण झाली आणि त्या मुलीनं खाली वाकून प्रियदर्शनीला कमरेवर घेतलं. सगळ्यांना दिसलं की ही आता पाठीवर जाणार. ती हवेत असतानाच बापाच्या शिकवणीप्रमाणं फिरली. पण पूर्ण फिरली नाही, कारण दुसरं अर्धं अंग सरांच्या शिकवणीप्रमाणं पडायला निघालं होतं. एक हात ताठ खाली आला आणि सगळं वजन त्यावर पडलं.

आवाज गॅलरीपर्यंत आला.

आणि माझ्या शेजारी बिरप्पा दोन्ही हात वर करून उभा राहिला. “न्हाय लागली!” तो पंचांकडं बघून ओरडला. “पाठ न्हाय लागली!”

मीही उभी होते आणि माझाही हात वर होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

मग खालून तिची किंकाळी आली. बिरप्पाचे हात तसेच वर राहिले. ते खाली घ्यायचे असतात हेच तो विसरला असावा. गोजाबाईनं ते धरून खाली ओढले.

कोपर निखळलं होतं. विरेश सर तिच्याजवळ गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, “हात का टेकवलास? सात महिने काय शिकवलं मी?” प्रियदर्शनीनं वर गॅलरीकडं बघितलं. सरांनीही बघितलं. त्यांना सगळं कळलं.

दवाखान्यातून हात गळ्यात बांधून तिला घरी आणलं, तेव्हा गोजाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, “तुमची पाठ जपा आता.” त्यानंतर पंधरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ‘सोलापूर फायटर्स’वर सल्ल्यांचा पाऊस पडला. बर्फ लावा, बर्फ मुळीच लावू नका, आंबेहळद लावा, हात हलवा, हात हलवू नका. बिरप्पा माझ्याकडं फोन घेऊन यायचा आणि एकेक मेसेज वाचून घ्यायचा. “ह्यातलं खरं कुठलं, ताई?” त्याला आता कशाचाच भरवसा वाटत नव्हता. मी रागावून म्हटलं, “डॉक्टर सांगतोय ते खरं. फोन ठेवा तो खिशात.” राग त्याच्यावर नव्हता खरं तर.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, खेळू दे. प्रियदर्शनी ड्रेस घालून मॅटच्या कडेला आली आणि तिथंच थांबली. सर म्हणाले, हळू, बसल्या जागेवरून मागं पड. ती बसली, आणि तिचं सगळं अंग लाकूड झालं. मान मागं जाईना. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. पुढच्या चाचणीला चार महिने होते आणि विरेश सरांनी स्पष्ट सांगितलं, जिला पडता येत नाही तिला मी कुणाच्या समोर उभी करणार नाही, दुसरा हात मला मोडायचा नाही. त्यांचं बरोबरच होतं. पोरीचा खेळ तिथंच संपत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

तिनं बापाला एकदाच विचारलं, माझ्याच दुकानाच्या पायरीवर. चिडून नाही, खरंच विचारलं. “आप्पा, म्या नेमकं कुणाचं ऐकू?”

बिरप्पा म्हणाला, “सरांचं ऐक. पड.”

“तुमी कधी पडलाय?”

ती उठून गेली.

मग हा माणूस विचारत सुटला. आधी रुद्रप्पा वस्तादांकडं गेला. वस्ताद ऐंशीचे, बाजेवर बसून माळ ओढत होते. “वस्ताद, आपली विद्या खोटी का?” वस्ताद म्हणाले, “खोटी कशी? माती येगळी, मॅट येगळी.” मग सरांकडं गेला. “सर, तुमची खरी का?” सर म्हणाले, “काका, खरं-खोटं नाही हो, तिच्या डोक्यात दोन माणसं एकदम बोलतात, एकानं गप्प बसायला पाहिजे.” मग टायरवाल्याकडं गेला, त्यानं मोबाईलवर तीन व्हिडिओ दाखवले. शेवटी माझ्याकडं आला. मी कसली सांगणार? कोरी पाठ बघून जिला काळजी वाटायला हवी होती आणि जिनं उलट कौतुक केलं, ती बाई काय सांगणार?

“म्या तेवीस वर्षं काय केलं, ताई?” तो म्हणाला. “जपलं ते काय जपलं? मला काय बी कळंना झालंय.”

“मलाही कळत नाही, अण्णा,” मी म्हटलं. ते खरं होतं.

मग तो उठून हात बाजूला पसरून उभा राहिला. “माप घ्या.”

“कशाचं?”

“जॅकेटाचं. पोरीसारखं. माझ्यासाठी.”

मी टेप हातात धरून वेड्यासारखी बघत राहिले. दोन दिवसांत शिवून दिलं. गळ्याला जास्तीचं कापड लागलं.

रविवारी हॉल भरलेला असताना बिरप्पा ते पांढरं जॅकेट घालून आला. रुद्रप्पा वस्ताद हौद्याच्या कट्ट्यावर बसले होते. बिरप्पानं रोजच्यासारखी माती कपाळाला लावली, वस्तादांच्या पाया पडला आणि मॅटवर गेला. प्रियदर्शनी भिंतीला टेकून उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, सरांनाही नव्हतं.

“सर,” तो म्हणाला, “मला पाडा.”

विरेश सर गोंधळले. “काका, असं एकदम नाही पाडता येत. आधी बसून...”

“पाडा की.”

सरांनी त्याला अलगद धरलं, पायात पाय घातला. चोपन्न वर्षांचा तो गडी जागचा हलेना. मन पडायला तयार होतं, पण पाय जमिनीत रुतलेले. दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा पाय सुटले, पण हवेत तो मांजरासारखा फिरला आणि पोटावर आला. कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. बिरप्पा उठला. घामानं निथळत होता. त्याच्या तोंडावर अशी भीती मी कधी बघितली नव्हती. लेकीच्या तोंडावर मात्र आठवडाभर तीच बघत होते.

“पुन्यांदा,” तो म्हणाला.

चौथ्यांदा तो पडला. सरळ पाठीवर. पण डोकं मागं टाकून पडला आणि कवटी मॅटवर आपटली, धप्प. वस्तादांनी तोंड फिरवलं. बिरप्पा छताकडं बघत पडून राहिला. कदाचित तीस वर्षांत पहिल्यांदाच तो उताणा झाला असेल. मग कण्हत उठला. “पुन्यांदा.” पुन्हा डोकं आपटलं. सर म्हणाले, “काका, बास.” तो ऐकेना. तिसऱ्यांदा डोकं आपटलं तेव्हा डोळे पांढरे झाल्यासारखे वाटले आणि मी जागची उठले.

“आप्पा!” प्रियदर्शनी ओरडली. “हनवटी! हनवटी छातीला लावा की!”

“कशी?” त्यानं पडल्या पडल्या विचारलं. त्याला खरंच येत नव्हतं. सर महिनाभर तेवढंच शिकवत असताना झाडू घेऊन उभा असूनही त्यानं ते एकदाही नीट बघितलं नव्हतं.

“अशी न्हाय हो. मान आत. पाठ गोल करा. हात मारा, हात!” ती बोलत बोलत मॅटवर आलीच. “आवो, मरशीला असं! थांबा. बगा हिकडं.”

आणि त्याला दाखवायच्या घाईत, स्वतःचं भान नसताना, ती उभ्यानं मागं पडली. हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही हातांची थाप. तो आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला. मग मात्र ती तशीच पडून राहिली, कारण आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. विरेश सर जागचे हलले नाहीत. मी तोंडावर पदर धरला होता.

ती उठली. बापाकडं तोंड करून उभी राहिली आणि मग हळूच वळली, पंचाला दाखवायला पैलवान वळतो तशी. “बगा, आप्पा.”

बिरप्पा गुडघ्यांवर बसला होता. त्यानं तिच्या जॅकेटची पाठ दोन्ही हातांनी ताणून धरली. खांद्यापासून कमरेपर्यंत हौद्यातली लाल धूळ बसली होती. त्यानं त्या डागावर बोट फिरवलं, बोट बघितलं. मग तो धडपडत उभा राहिला आणि निवड चाचणीत वर केले होते तसेच दोन्ही हात वर केले.

“लागली!” तो वस्तादांकडं बघून ओरडला, आणि रडायला लागला. “वस्ताद, लागली! पाठ लागली पोरीची!”